माफीचा साक्षीदार आणि खुनाची कथा

नांदेड जिल्ह्याच्या पूर्वोत्तर भागांत, तेलंगणाच्या सीमेलगत, हिमायतनगर हें तालुक्याचें गांव आहे. तेथून येणारा लोहमार्ग मुदखेड येथें मुख्य मार्गास मिळतो आणि नांदेड, पूर्णा, परभणी हीं स्थानकें मागें टाकून मानवत रोडला पोहोंचतो. मानवत गांव त्या स्थानकापासून आणखी कांहीं मैल आंत आहे. या प्रवासांत लागणारा सारा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखालीं होता. पुढें तो हैदराबाद राज्यांत, १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्यांत व १९६० पासून महाराष्ट्रांत आला. कापसाची पेठ म्हणून मानवतचें नांव या बाजूस पूर्वींपासून परिचित होतें. परंतु १९७२ ते १९७४ या काळांत तेथें जें घडलें, त्यानंतर या गांवाचें नांव उच्चारलें कीं ऐकणाऱ्याच्या मनांत कापूस येत नाहीं. त्या घटनांवर १९८१ सालीं 'आक्रीत' हा मराठी चित्रपट निघाला, आणि २०२४ सालीं 'मानवत मर्डर्स' ही मालिका. प्रत्यक्ष खुनांच्या खटल्यांवरून रचलेल्या, खुनी माणसाच्या मनाचा ठाव घेऊं पाहणाऱ्या ज्या कथा आहेत, त्यांच्या इतिहासांत मानवतइतकें विचार करावयास लावणारें उदाहरण मराठी मुलुखांत दुसरें सांपडणें कठीण.

अशा कथेचा प्रश्न साध्या रहस्यकथेहून वेगळा असतो. खून कोणीं केला, हें रहस्यकथा विचारते. तो करावयास निघालेल्या माणसाच्या मनांत काय चाललें होतें, हें ही कथा विचारते. येथेंच लेखकाची अडचण सुरू होते. मेलेला बोलत नाहीं. आरोपी नाकबूल करतो. पोलिसांना दिसतें तें सारें घडून गेल्यानंतरचें. दार लावून घेतल्यावर आंत कोण काय बोलला, कोण कचरला, कोणीं त्याला धीर दिला, हें सांगूं शकेल असा एकच मनुष्य उरतो, आणि तो म्हणजे माफीचा साक्षीदार. गुन्ह्यांत तो स्वतः सामील असतो. आपल्या गळ्यांतला फास सोडवून घेण्यासाठीं तो सोबत्यांच्या गळ्याकडे बोट दाखवतो. कथाकाराला त्याच्याइतका मोलाचा माणूस नाहीं आणि न्यायाधीशाला त्याच्याइतका संशयास्पद माणूस नाहीं. मानसशास्त्रीय गुन्हेकथेचा इतिहास पुष्कळ अंशीं या एका माणसाच्या शब्दाचा इतिहास आहे.

आणि तो सुरू होतो याच निजामी राज्याच्या आसऱ्यानें. फिलिप मेडोज टेलर हा इंग्रज तरुण १८२४ सालीं, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास, निजामाच्या चाकरींत शिरला. पुढें नळदुर्ग येथें त्यानें कारभार पाहिला, ती गोष्ट नंतरची; परंतु दक्षिणेंत ठगांचा बंदोबस्त चालूं असतां त्यांच्या जबान्यांशीं त्याचा संबंध आला, आणि त्यांतून १८३९ सालीं त्याची 'कन्फेशन्स ऑफ ए ठग' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. अमीर अली नांवाचा ठग माफीचा साक्षीदार झाला आहे आणि एका साहेबाला आपलें आयुष्य सांगत आहे, अशी तिची रचना. सातशेंहून अधिक बळी आपल्या हातून पडल्याचा त्याचा हिशेब आहे. तो चांगला बाप आहे, प्रेमळ पति आहे, देवाधर्माला भिणारा आहे. आणि प्रवाशाच्या गळ्याभोंवतीं रुमाल आवळण्याच्या कसबाचा त्याला अभिमान आहे. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या ठायीं निर्वेधपणें कशा नांदतात, हें ती कादंबरी दाखवूं पाहते. त्या काळच्या इंग्लंडांतील वाचकाला हा प्रकार अगदीं नवा होता.

ठगांच्या बंदोबस्ताची पद्धत मात्र याहून रुक्ष होती. स्लीमन आणि त्याचे सहकारी पकडलेल्या ठगांना माफीचें आश्वासन देत, त्यांच्या जबान्या वेगवेगळ्या घेत, त्या एकमेकींशीं ताडून पाहत, आणि साक्षीदार दाखवील त्या ठिकाणीं जमीन खणून प्रेतें बाहेर काढीत. ठगांच्या टोळीचा सभासद असणें हाच गुन्हा ठरवून त्यास जन्मकैद देणारा कायदा १८३६ सालीं झाला. त्या जबान्यांत प्रत्यक्षाचा भाग किती आणि साहेबाला जें ऐकावयाचें होतें त्याचा भाग किती, असा प्रश्न पुढच्या इतिहासकारांनीं उपस्थित केला, आणि तो अजून मिटलेला नाहीं. तरीहि स्लीमनपाशीं निदान खणून काढलेलीं हाडें होतीं. कादंबरीच्या वाचकाला तीं लागत नाहींत. बोलणाऱ्याच्या आवाजांत खरेपणा वाटला कीं वाचक विश्वास ठेवतो. हा फरक ध्यानांत ठेवण्याजोगा आहे, कारण पुढें प्रत्येक खटल्याच्या वेळीं तोच निराळ्या रूपानें समोर येतो.

१८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें या बाबतींत दोन कलमें अशीं घातलीं कीं, तीं एकमेकांकडे पाठ करून उभीं आहेत असा प्रथमदर्शनीं भास व्हावा. गुन्ह्यांतल्या साथीदाराच्या एकट्याच्या साक्षीवर शिक्षा दिली तर केवळ तेवढ्यानें ती बेकायदा होत नाहीं, असें एक कलम सांगे. महत्त्वाच्या तपशिलांत दुजोरा मिळाल्याखेरीज असा साथीदार विश्वासास पात्र नाहीं असें न्यायालयाला गृहीत धरतां येईल, असें दुसऱ्या कलमाचें उदाहरण सांगे. दीडशें वर्षें वकिलांनीं या दोहोंच्या मधल्या जागेंत वाद घातले. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमानें घेतली आहे. साथीदाराच्या शब्दाला दुजोरा हवा, हें तत्त्व त्यांतहि आहे.

मधल्या काळांत खऱ्या खुनांवरून कथा रचणें जगभर चालूंच होतें, पण बहुधा मनाची वाट सोडून. न्यूयॉर्कमधील एका तरुणीचें प्रेत १८४१ सालीं हडसन नदींत मिळालें, तेव्हां एडगर ॲलन पोनें दुसऱ्याच वर्षीं ती हकीकत पॅरिसमध्यें नेऊन बसवली आणि वर्तमानपत्रांतील बातम्यांवरून तर्कानें गुन्हेगार शोधण्याचा खेळ मांडला. आपल्याकडे १९२५ सालीं मुंबईंत मलबार हिलवर बावला यांचा खून झाला. इंदूर दरबारापर्यंत त्याचे धागे पोहोंचले आणि पुढच्या वर्षीं तुकोजीराव होळकरांना गादी सोडावी लागली. त्या प्रकरणावर त्याच सालीं 'कुलीन कांता' हा मूकपट निघाला. खळबळ ताजी असतांना तिकिटें खपवावीं हा त्यामागील सरळ हिशेब असावा. बाबुराव अर्नाळकरांनीं मराठींत हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि दोन पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. त्यांच्या झुंजारला मात्र कोणाच्या मनाची चौकशी करण्याची फुरसत नसे.

मनाची चौकशी करणारी कथा अमेरिकेंत वाढली. १९२४ सालीं शिकागो येथें दोन श्रीमंत, बुद्धिमान विद्यार्थ्यांनीं एका मुलाचा खून केला. त्यांस पैशाची गरज नव्हती. आपण सामान्यांहून वरचे आहोंत एवढें स्वतःला पटवून द्यावयाचें होतें. त्यावर मेयर लेविननें १९५६ सालीं 'कम्पल्शन' ही कादंबरी लिहिली. १९५९ च्या नोव्हेंबरांत कॅन्ससमधील एका शेतकऱ्याच्या घरांतले चौघे मारले गेले, आणि ट्रूमन कपोटी हा लेखक तेथें जाऊन राहिला, मारेकऱ्यांशीं वर्षानुवर्षें बोलत राहिला. ते दोघे १९६५ च्या एप्रिलमध्यें फांसावर गेले, आणि त्यानंतरच 'इन कोल्ड ब्लड' पुरें झालें. फांशी होईपर्यंत पुस्तकाला शेवट नव्हता. ज्यांच्याशीं मैत्री जोडली त्यांच्या मरणाची वाट पाहण्याची पाळी या लेखकावर आली, ही गोष्ट त्या पुस्तकाच्या कोणत्याहि प्रशंसेंत विसरली जाऊं नये.

पुण्याला असा प्रसंग १९७६ सालीं आला. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या चवदा महिन्यांत टिळक रस्त्यावरील अभिनव कला महाविद्यालयांतील कांहीं तरुणांनीं दहा माणसें मारलीं. हा खटला 'जोशी-अभ्यंकर' या नांवानें ओळखला जातो. जोशींच्या घरांतले तिघे ३१ ऑक्टोबर १९७६ रोजीं आणि अभ्यंकरांच्या घरांतले पांच जण १ डिसेंबरला मारले गेले. त्या पांचांत त्यांची मोलकरीण होती. आरंभीं मारलेला एक तरुण आणि अखेरीस मारलेला दुसरा तरुण धरून संख्या दहा होते. परंतु खटल्याच्या लौकिक नांवांत त्या दोघांना आणि मोलकरणीला जागा मिळाली नाहीं. पांढरपेशा पुण्याला धक्का बसला तो मृतांच्या संख्येपेक्षां मारेकऱ्यांच्या ओळखीमुळें अधिक. चित्रकला शिकणारीं, ओळखीच्या घरांत जाणारीं-येणारीं हीं मुलें होतीं. संध्याकाळीं दाराची घंटा वाजली तर उठावें कीं नाहीं, हा प्रश्न त्या हिवाळ्यांत अनेक घरांतून होता.

या टोळींतील एक जण माफीचा साक्षीदार झाला आणि त्याच्या तोंडून आंतली हकीकत न्यायालयापुढें आली. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शहा या चौघांना सत्र न्यायालयानें १९७८ सालीं देहान्ताची शिक्षा दिली, आणि २७ नोव्हेंबर १९८३ रोजीं येरवड्याच्या तुरुंगांत ती अमलांत आली. तीन वर्षांनीं राजदत्त यांनीं या घटनांवर चित्रपट काढला. नाना पाटेकर त्यांत टोळीच्या म्होरक्याच्या भूमिकेंत होते. चित्रपटाचें नांव 'माफीचा साक्षीदार'. हें नांव ज्यानें सुचवलें त्याला कथेचें मर्म कळलें होतें. पुढें अनुराग कश्यप यांनींहि याच खटल्यावरून 'पांच' हा हिंदी चित्रपट केला, पण तो चित्रगृहांत कधीं प्रदर्शित झाला नाहीं.

पुण्याच्या खटल्यांत आणखी एक आवाज आहे. चौघांपैकीं मुनव्वर शहा यानें तुरुंगांत 'येस, आय ॲम गिल्टी' हें आत्मकथन लिहिलें. माफीच्या साक्षीदाराच्या शब्दाची किंमत ठरलेली असते, ती म्हणजे त्याचा स्वतःचा जीव. फांशीच्या कोठडींत लिहिणाऱ्यापाशीं असा सौदा उरलेला नसतो. दयेची आशा त्यालाहि असतेच, म्हणून त्याचा प्रत्येक शब्द निर्मळ मानावा असें नाहीं. तरीहि दोन वेगळ्या हेतूंनीं बोललेल्या दोन माणसांच्या हकीकती एकमेकींशेजारीं ठेवतां येतात, ही सोय थोड्याच खटल्यांत मिळते. शिवाय पुण्याचे खून कोणीं केले याविषयीं तिन्ही न्यायालयांचें मत एकच पडलें, त्यामुळें तेथें कथाकाराचे पाय घट्ट जमिनीवर होते.

मानवतची गोष्ट तशी नाहीं. तेथें पहिला खून १४ नोव्हेंबर १९७२ रोजीं झाला. मराठवाड्यांत तो भीषण दुष्काळाचा हंगाम होता. माणसें खडी फोडण्याच्या कामांवर जात होतीं, आणि घरच्या लहान मुली एकट्यादुकट्या सरपण-पाण्यासाठीं रानांत जात. पुढच्या चवदा महिन्यांत बळींची संख्या दहावर गेली. त्यांत लहान मुली होत्या, मोठ्या स्त्रिया होत्या. ४ जानेवारी १९७४ या एका दिवशीं एक आई आणि तिच्या दोन मुली मारल्या गेल्या. स्थानिक पोलिसांना सूत्र सांपडेना, तेव्हां मुंबईच्या गुन्हे शाखेचे रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे तपास आला. मुंबईच्या रस्त्यांवर झोपणाऱ्या गरिबांना मारणाऱ्या रामन राघवचा १९६८ सालचा तपासहि याच अधिकाऱ्यानें केला होता. त्या दोन तपासांतील अंतर लक्षांत घेण्यासारखें आहे. रामन राघव एकटा होता. त्याला साथीदार नव्हता, म्हणून माफीचा साक्षीदारहि नव्हता. त्यानें स्वतःच कबुली दिली, आणि त्याचें मन काय होतें हें अखेर डॉक्टरांनीं सांगितलें. त्याला मनोरोगी ठरवून उच्च न्यायालयानें १९८७ सालीं त्याची फांशी जन्मठेपेंत बदलली. मानवतला उलट अनेक हात होते आणि प्रश्न होता तो त्या हातांमागच्या मनाचा.

फिर्यादी पक्षानें मांडलेली हकीकत थोडक्यांत अशी. गांवांतील एक वजनदार गृहस्थ आणि त्यांच्या आश्रयास राहणारी स्त्री यांना गुप्तधन हवें होतें, त्या स्त्रीला मूलहि हवें होतें. पिंपळावरचा मुंजा प्रसन्न झाल्याखेरीज तें मिळणार नाहीं, आणि मुंज्याला कुमारिकांचें रक्त लागतें, अशी समजूत कोणीतरी त्यांच्या मनांत भरवली. मग पैसे देऊन माणसें लावून हे बळी देवविण्यांत आले. अठरा जणांवर परभणीच्या सत्र न्यायालयांत खटला चालला. कटाची ही आंतली बाजू सांगणारे साक्षीदार कोण, तर गुन्ह्यांत सामील असून माफी मिळालेले. दुसरा कोण सांगणार? मुंज्याच्या झाडाखालीं काय बोलणें झालें, हें त्या झाडाखालीं नसलेल्या माणसाला कळण्याचा मार्ग नाहीं.

सत्र न्यायालयानें दोषी ठरवलेल्यांपैकीं तो गृहस्थ आणि ती स्त्री यांना उच्च न्यायालयानें निर्दोष सोडलें. प्रत्यक्ष खून केल्याबद्दल दोषी ठरलेल्या इतर कांहीं जणांची फांशी मात्र कायम राहिली. १९७७ सालीं सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला; तो न्यायमूर्ति यशवंतराव चंद्रचूड यांनीं लिहिला आहे. माफीच्या साक्षीदाराच्या शब्दाकडे किती सावधपणें पाहावें, याचें विस्तृत विवेचन त्यांत आहे. कबुलीजबाब नोंदवतांना घ्यावयाची दक्षता पुरतेपणीं घेतली गेली नाहीं, हें न्यायालयाच्या नजरेंतून सुटलें नाहीं. गुन्हा उघडकीस आणण्याच्या उत्साहांत ताब्यांतील माणसावर बळ वापरण्याचा मोह पोलिसांना होतो आणि तो मोह मुळांतच खुडला पाहिजे, असेंहि त्यांत परखडपणें म्हटलें आहे. देहान्ताची शिक्षा सांगण्यापूर्वीं शिक्षेच्या प्रश्नावर आरोपीचें म्हणणें ऐकून घेण्याचा जो नवा नियम १९७३ च्या संहितेनें आणला, त्याचा विचारहि या निकालांत झाला.

याचा अर्थ सरळ आहे. मारणारे हात कायद्यानें सिद्ध झाले. त्या हातांमागचें म्हणून जें मन फिर्यादी पक्षानें दाखवलें, तें सिद्ध झालें नाहीं. आणि मानसशास्त्रीय गुन्हेकथेला हवें असतें तें नेमकें मनच! हाताची कथा होत नाहीं. पैसे घेऊन कुऱ्हाड चालवणाऱ्या दरिद्री मजुरावर दोन तासांचा चित्रपट कोण काढणार? प्रेक्षकाला वाडा हवा, त्यांतलें वैभव हवें, वांझपणाचें दुःख हवें, मध्यरात्रीं पेटलेला दिवा हवा. म्हणजे न्यायालयानें जो भाग पुराव्याअभावीं बाजूस ठेवला, त्याच भागावर कथा उभी राहते.

अमोल पालेकर यांनीं दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट 'आक्रीत'. पटकथा विजय तेंडुलकर यांची. प्रमुख भूमिका स्वतः पालेकर आणि चित्रा पालेकर यांच्या. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर चार वर्षांनीं तो आला. पात्रांचीं नांवें त्यांत बदललेलीं आहेत. पात्रें काल्पनिक झाल्यावर तेंडुलकरांना हवें होतें तें मोकळेपणीं करतां आलें: लोभ आणि भीति एकाच अंथरुणावर कशीं झोपतात, सत्ता हातीं असलेला मनुष्य अंधश्रद्धेपुढें कसा लाचार होतो, आणि गरिबांच्या मुली कोणाच्याहि हिशेबांत कशा नसतात, हें त्यांनीं दाखवलें. नांवें बदलणें ही नुसती वकिली खबरदारी नव्हे. निर्दोष सुटलेल्या माणसाला कल्पनेच्या दरबारांत पुन्हां उभें करावयाचें नसेल, तर लेखकापाशीं तो एकच सभ्य उपाय आहे. त्याची किंमतहि त्याला मोजावी लागते. सत्य घटनेचा शिक्का मारून मिळणारा भाव मग मागतां येत नाहीं.

२०२४ सालची 'मानवत मर्डर्स' ही आठ भागांची मालिका आशिष बेंडे यांनीं दिग्दर्शित केली. ती रमाकांत कुलकर्णी यांच्या इंग्रजी आठवणींच्या पुस्तकावर आधारलेली आहे. आशुतोष गोवारीकर यांनीं त्यांची भूमिका केली आहे. तिनें गांवाचें नांव शीर्षकांतच घेतलें. येथें पाहणारे डोळे तपास करणाऱ्याचे आहेत. पोलीस अधिकाऱ्याच्या आठवणी हाहि एक परीनें साक्षीदाराचा जबाबच. तो माफीच्या साक्षीदारासारखा स्वार्थी नसतो, पण आपण पकडलेला माणूस गुन्हेगार होता अशी त्याची खात्री असते, आणि ती असणें त्याच्या पेशाला साजेसेंच आहे. मात्र सत्र न्यायालय, उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय या तीन पायऱ्या चढतां चढतां त्या खात्रींतला कोणता भाग गळून पडला, हें प्रेक्षकानें मालिका पाहून झाल्यावर आपणहून शोधावें लागतें. बहुतेक प्रेक्षक तें शोधीत नाहींत.

या अवधींत कायद्याच्या पुस्तकांत आणखी एक भर पडली. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत खून झाल्यानंतर, त्यांनीं वर्षानुवर्षें मागितलेला नरबळी व जादूटोणा यांस प्रतिबंध करणारा कायदा महाराष्ट्रानें त्याच सालीं केला. गुप्तधनाच्या नांवाखालीं माणसाला प्रवृत्त करणें हा त्यांत स्वतंत्र गुन्हा आहे. मानवतच्या वेळीं अशी तरतूद नव्हती; खून आणि कट यांच्याच कलमांखालीं सारें सिद्ध करावयाचें होतें.

१९७७ चा तो निकाल कायद्याचे विद्यार्थी आजहि वाचतात, माफीच्या साक्षीदाराविषयींच्या प्रकरणांत आणि शिक्षेच्या सुनावणीविषयींच्या प्रकरणांत. कायद्याच्या संग्रहांत त्याचें नांव 'दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य' असें आहे. मानवतचें नांव निकालाच्या मजकुरांत येतें, शीर्षकांत नाहीं.